बुधीबाई म्हणजे भागाकार

गेले त्याच्या आदल्या दिवशी काशीनाथ सर भलतेच खुशीत होते. आशागडच्या घरी पडवीत ते पायावर पाय टाकून बसले होते आणि त्यांची मुलगी कीर्ती लॅपटॉपवर त्यांच्यासाठी कीबोर्ड बसवत होती. सरांनी तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत जन्मभर गणित शिकवलं. आता पुस्तक लिहायला घेतलं होतं, पण चिन्हं शोधताना थरथरत्या हाताची फजिती व्हायची. कीर्तीने तोड काढली. एका फाइलमध्ये डावीकडे शब्द, उजवीकडे चिन्ह. शब्द लिहून स्पेस दाबली की शब्द जाऊन चिन्ह उमटायचं.

"वर्गमुळाला 'मूळ' ठेवू, बाबा?"

"अक्कल गहाण टाकलीस का? 'मूळ संख्या' लिहिलं की तिथेही उमटेल. पुस्तकात कधीच येणार नाही असा शब्द हवा." सर हसले. "पोरांची नावं टाक. वर्गमूळ बाबल्या, त्याला मरेस्तोवर जमलं नाही. भागाकार बुधीबाई. फळ्यापाशी उभी केली की मुतायची."

कीर्ती लिहीत गेली.

"अनंत?"

"भारती, उधवा गावची. तिचे प्रश्नच संपायचे नाहीत. एकदा दिवसभर व्हरांड्यात ओणवी ठेवली, तेव्हा तोंड मिटलं."

"आणि 'बरोबर नाही'चं चिन्ह?"

"ते तू."

तिने आपलं नाव लिहिलं, स्पेस दाबून पाहिलं. चाललं.

"वा, एक काम तरी जमलं," सर म्हणाले.

पहाटे ते झोपेतच गेले.

तेराव्याला भारती आली. आता ती त्याच शाळेत गणित शिकवायची. सरांचं अर्धं राहिलेलं पुस्तक तिने पुरं करायला मागून घेतलं होतं.

"ओरडायचे, ताई, पण जीव होता आमच्यावर."

कीर्तीने मान डोलावली. येणारा प्रत्येकजण हेच म्हणत होता. ती शब्द-चिन्हांची फाइल तिने कितीदा पुसायला घेतली होती. पण बाबांच्या तोंडचे शेवटचे शब्द त्यातच होते.

भारतीने लॅपटॉप पुढ्यात ओढला, पहिल्या पानावर लिहिलं, 'सरांची विद्यार्थिनी भारती'. स्पेस दाबताच नाव गेलं, ∞ आलं. खोडून पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

"अनंत!" तिचे डोळे भरून आले. "सरांनी माझं नाव ठेवलं? एवढ्या पोरांतून माझं? बाकीची पण दाखवा ना, वर्गात सांगते."

नुसतं हसलं तरी निभावलं असतं.

"नको सांगूस," कीर्ती म्हणाली. "थट्टा आहे ती. तुला व्हरांड्यात ओणवं ठेवलं होतं ना, ते सांगून हसत होते."

भारतीने हात मांडीवर घेतले. आत पंगत बसली होती, तिथून मामा म्हणाले, "कीर्ते, आजच्या दिवशी तरी!"

"दुष्ट होते," कीर्ती म्हणाली, आत ऐकू जाईल एवढ्याने. "माझे बाबा दुष्ट होते, मामा. मला लहानपणापासून माहीत होतं."