कण्हेर संपली

घड्याळजी रोपवाटिकेत शिरला तेव्हा काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. चौकातल्या चिंचोळ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणारा हा माणूस. झाडांकडे तो कधी फिरकलेला नव्हता.

"काटक झाडं हवीत," तो म्हणाला. "निगा नको, पाणी कमी, आणि फुलं भरपूर."

अशी झाडं कुणाला नको असतात? काकूंनी बोगनवेल दाखवली, मोगरा दाखवला, गुलाबाचंही कौतुक करून झालं. तो मान हलवत राहिला.

"कण्हेर आहे? आणि कळलावीचे कंद? सदाफुलीही चालेल."

काकूंच्या हातातली झारी थांबली. तिन्ही काटक, तिन्हींची फुलं झकास, आणि तिन्ही विषारी!

"लावणार कुठे?"

"खिडकीसमोर. बायको अंथरुणाला खिळलीय. हिच्यासाठीच हवीत, तीही लवकर." मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "पानं कडूच असतात ना नक्की? आणि कुठे बोलू नका. उगाच बभ्रा नको."

काकूंच्या मनात नको ते आलं. तसा त्यांचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला "आज दूध छान आहे" म्हणाला, तर त्या लगेच "मग काल काय घातलं होतंस?" विचारायच्या. पण आज त्या एकट्या नव्हत्या. कोपऱ्यात माती चाळणारी त्यांची नणंद चाळणी टाकून जवळ आली आणि कानाशी लागली.

"वहिनी, हा बायकोचा काटा काढायला निघालाय."

नाही म्हणावं, तर तो समोरच्या रोपवाटिकेतून घेणार. काकूंनी डोकं लढवलं. फुललेल्या सदाफुलीच्या रांगेपुढे त्या ऐसपैस उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कण्हेर संपली. सदाफुली आम्ही ठेवतच नाही."

त्यांनी त्याला जास्वंदीची रोपं दिली. "दिसते जास्वंद, पण ही विलायती जात आहे. एक पान पोटात गेलं की माणूस आडवा." कळलावी म्हणून कर्दळीचे कंद बांधून दिले. कर्दळ खाऊन आजवर कुणी मेलेलं नाही.

घड्याळजी दचकला. "आडवा?" थोडा वेळ तो रोपांकडे बघत उभा राहिला. "बरं. द्या."

"बघितलंत?" तो गेल्यावर नणंद म्हणाली. "आडवा म्हटल्यावर लगेच घेतली!"

पुढचे काही आठवडे काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाजाराचा रस्ता सोडून त्या चौकातून जाऊ लागल्या. दुकान उघडं दिसलं की त्यांना हायसं वाटे, बंद दिसलं की धस्स होई. एकदा तर त्यांनी भिंतीवरचं धडधाकट घड्याळ काढून त्याच्याकडे नेलं.

"याला काही झालेलं नाही, काकू," तो भिंग लावून म्हणाला.

"आणि घरी? घरी कशा आहेत?"

"कळ्या धरल्यात. ती खूश आहे."

खूश! काकूंना ते ऐकून आणखीच भीती वाटली. विष म्हणून दिलेल्या झाडाला कळ्या आल्याचं सांगताना हा माणूस चक्क हसत होता.

मग एके दिवशी सकाळीच तो रोपवाटिकेच्या दारात उभा. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"तुमची ती झाडं..." तो म्हणाला. "खाल्ली."

काकू दाराशी धावल्या. "कुणी?"

"शेजाऱ्याच्या शेळ्यांनी. परसात काही म्हणजे काही राहू देत नाहीत. म्हणून तर कडू झाडं मागितली होती. तोंड लावून थुंकतील, एवढंच हवं होतं. शेजारी भांडकुदळ आहे, त्याच्या कानावर जायला नको होतं." तो थांबला. "ही झोपून असते. समोर काहीतरी फुलताना बघायचं होतं तिला. पहिली कळी उमलणार म्हणून काल पहाटेपासून जागी होती. तिच्या डोळ्यांदेखत शेळीने ओरबाडली. हिला उठता येत नाही. मी दुकानात. ओरडून ओरडून आवाज बसला तिचा."

काकूंनी त्याला बसायला स्टूल पुढे केलं.

"मी आलो तर सगळं साफ. तुम्ही म्हणाला होतात आडवा होतो, म्हणून पळत शेजाऱ्याकडे गेलो. म्हटलं, मी विष लावलं होतं, जनावरांचा डॉक्टर बोलवा. त्याने माझी गचांडी धरली. तरी मी रात्रभर गोठ्यातून हललो नाही. मुकी जनावरं, माझ्यामुळे मेली असती तर? पण काही झालं नाही त्यांना. काकू, काही कसं झालं नाही?"

शेळी मरेल म्हणून मार खायला गेलेल्या या माणसाला काकूंनी खुनी ठरवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"ती साधी जास्वंद होती. मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही बायकोला..."

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. नणंद चाळणीत डोकं खुपसून बसली होती.

"आता खरी कळलावी देते," काकू घाईघाईने म्हणाल्या. "कण्हेर देते, सदाफुली देते. सगळं देते. कंद आजच लावा, म्हणजे..."

"कंद राहू द्या," तो म्हणाला. "ते वर येईपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ नाही."

काकूंनी मागच्या रांगेतली सगळ्यात मोठी, फुलांनी लगडलेली कण्हेर कुंडीसकट ओढत पुढे आणली. त्यांना धाप लागली होती. "ही न्या. आत्ता न्या. शेळी हिला शिवायची नाही."

त्याने पान चुरगळून वास घेतला. मग काकूंच्या चेहऱ्याकडे नीट, निरखून पाहिलं.

"हे तरी खरं का?"

"खरं. अगदी शपथेवर सांगते."

तो मान हलवून फाटकाकडे वळला. "जरा समोरच्या रोपवाटिकेत विचारून येतो," असं म्हणत त्याने रस्ता ओलांडला.