वाट म्हणजे नक्की काय

डहाणूतल्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत दर नव्या वर्षी डब्यातून बायबलच्या वचनाची चिठ्ठी काढायची पद्धत होती. यंदा पाळक नितीन यांनी डबाच बंद केला. म्हणाले, प्रार्थना करा, वर्षभर धरून चालायला एकच शब्द मागा आणि पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगा.

यतीनने काही मागितलं-बिगितलं नाही. वीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसलेला माणूस. जिभेला हाड नव्हतंच, आता लाजही उरली नव्हती. रविवारी एकेक जण उठला. शांती. विश्वास. धीर. पुन्हा शांती. चौथ्या शांतीला यतीनला जांभई आली. त्याचा नंबर लागला तसा तो उठला, शर्ट खाली ओढला आणि तोंड गंभीर करून म्हणाला, "वाट."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. वाट लागली, हे सगळ्यांना कळलं, एका पाळकांना सोडून. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "मोठा शब्द मिळालाय, यतीनभाऊ. दोन वर्षं मंडळी तुमच्यासाठी जे मागतेय, त्याचं उत्तर यात आहे."

यतीन झटकन खाली बसला. कारण मंडळी काय मागतेय, तेही सगळ्यांना माहीत होतं.

त्याचा थोरला भाऊ शैलेश उधव्याला शाळामास्तर. दोन वर्षांपूर्वी यतीनने आवाज बदलून त्याला फोन लावला: तुम्हाला आदर्श शिक्षक पुरस्कार, उद्या पालघरला या, सहकुटुंब. संध्याकाळी खरं सांगून टाकू असा बेत होता. पण ड्युटी लांबली, घरी आला तो आडवाच झाला. तोवर मास्तरांनी गावात पेढे वाटले होते. दुसऱ्या दिवशी नवा सफारी घालून, जीपभर माणसं घेऊन ते पालघरला गेले. जिल्हा परिषदेच्या गेटवरचा वॉचमन हसला म्हणे. तेव्हापासून उधव्याहून नाताळची करंजीसुद्धा आली नव्हती.

"वाट म्हणजे रस्ता," घरी बायको जयमाला म्हणाली. "उठा आणि जा."

"वाट बघणं पण असतं ना. दादाचा राग उतरेल तेव्हा तोच येईल."

"ते कशाला येतील? माती त्यांनी खाल्ली होती का?"

पार्सल ऑफिसातल्या चिमणभाईला विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्या गुजरातीत वाट म्हणजे दिव्याची वात. जळत बस, बीजुं शुं? दुसरं काय?"

शेवटी यतीनने पाळकांना फोन लावला. "पाळकसाहेब, वाटेला लागायचं की वाट बघायची?"

"शब्द तुम्हाला मिळालाय. मला नाही."

"मिळाला कुठला? मी मस्करी केली हो."

"तेही कळलं होतं मला," पाळक म्हणाले आणि फोन ठेवला.

मग तर डोक्याचा पार भुगा झाला. मस्करीतला शब्द देवाचा असतो का? आणि असला, तर कुठल्या अर्थाने? त्या आठवड्यात त्याने विरारच्या माणसाला वापीचं तिकीट दिलं आणि वर त्यालाच झापलं.

शनिवारी सुट्टी होती. जीपवाला "तलासरी, तलासरी" ओरडत पुढ्यात थांबला, म्हणून तो बसला. तलासरी नाक्यावर मात्र पाय अडले. उधव्याच्या दोन जीपा त्याने सोडल्या. तिसरीचा ड्रायव्हर म्हणाला, "काका, कोण यायचंय का अजून?"

यतीनने मागे बघितलं. "नाही. कोणीच यायचं नाहीये," तो म्हणाला आणि चढला.

शैलेशच्या अंगणात घरातलं अर्धं सामान पडलं होतं. रंगकाम चाललं होतं. भावाला बघून शैलेशने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडे.

"कोण आहे बरोबर?"

"कोणी नाही. दादा, माफी मागायला आलोय."

"मोबाईल दे."

यतीनने दिला. शैलेशने तो बंद करून चंद्रिकावहिनीकडे सोपवला. "रेकॉर्डिंग चालू असेल. आता बोल. आणि मी रडायला लागलो की हसायला कोण येणारेय, तेही सांग."

"खरंच सांगतोय, दादा. माझं चुकलं."

"फोनवर पण असाच बोलला होतास. साहेबासारखा. खरंच वाटलं होतं मला."

यतीन पुन्हा म्हणाला, "चुकलं." यावेळी आवाज असा काही चिरकला, की ही नक्कल कोणाची, असं त्याचं त्यालाच वाटलं.

शैलेशने त्याचं तोंड न्याहाळलं. मग शैलेश दारातल्या लोखंडी कपाटाकडे गेला आणि एका बाजूने वाकला. "धर तिकडून."

दोघांनी कपाट उचललं. ही माफी झाली, की मास्तरांना नुसता हमाल हवा होता, यतीनला काही केल्या कळेना. कपाटावरून एक झकास कोटी त्याच्या जिभेवर आली. त्याने ती गिळली.

"हळू," पलीकडून शैलेश म्हणाला, "बोट सापडेल तुझं."