पस्तीस–तीनला अडकलेली फीत

मित्रांनो, पोटात फीत अडकली की जीव कसा कासावीस होतो, ते तुम्हाला नाही कळायचं! मी एक जुना व्हीसीआर आहे. माझा जन्म जपानमधला. आखाती देशातल्या मनामा शहराच्या बाजारातून उबेदमियांनी मला जवळच्याच अरादला घरी आणलं. ते मूळचे रत्नागिरीचे, तिथल्या मीना सलमान बंदरावर क्रेनचे मेकॅनिक. अमेरिकेची असो की भारताची, कुठल्याही देशाची कॅसेट मी चालवायचो, म्हणून माझा रुबाब काही औरच होता. गावाकडच्या लग्नांच्या कॅसेटी बघायला अख्खी आळी जमायची.

माझा खरा मोठा दिवस उजाडला जानेवारी १९९३ मध्ये, एका शुक्रवारी. उबेदमियांच्या ओळखीचा अमेरिकन खलाशी स्टीव्ह कॅसेट घेऊन आला. तो बफेलो शहराचा. तिथला फुटबॉल संघ, बफेलो बिल्स, त्याचा जीव की प्राण. हा फुटबॉल अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा. आधीच्या दोन्ही वर्षी हा संघ अंतिम सामन्यात हरला होता, त्यातला पहिला तर अवघ्या एका गुणाने! यंदाच्या बाद फेरीचा पहिलाच सामना स्टीव्हच्या आईने टपालाने पाठवला होता. निकाल कळू नये म्हणून गड्याने बारा दिवस वर्तमानपत्राला हात लावला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बोट सुटणार होती.

नमाज झाली, जेवणं झाली, मी सुरू झालो. उबेदमियांची अकरा वर्षांची लाईबा स्टीव्हच्या शेजारी बसली. खेळाचे नियम तिला त्यानेच शिकवले होते. पण काय सांगू! बफेलोचा मुख्य खेळाडू जखमी, मैदानात बदली खेळाडू, आणि ह्यूस्टनचा संघ पस्तीस–तीनने पुढे. तेवढ्यात कर्रर्र! मी फीत चावली.

स्टीव्ह उठलाच. "खलास, उबेद. संपलं सगळं," तो मोडक्या हिंदीत म्हणाला.

उबेदमियांच्या बेगम खदिजाबी दारातच थबकल्या. "अल्ला! काल मीच तेल घातलं याच्यात. माझ्या शिलाई मशीनला घालते ना, तसंच. करकर करत होता बिचारा."

फीत ओढणाऱ्या माझ्या रबरी चाकाला तेल! घसरगुंडीच ती. चुकी प्रेमापोटी झाली, पण भोगली मी.

एरवी लाईबा घरात इंग्रजीतच उत्तरं द्यायची. त्या दिवशी ती मराठीत ओरडली, "अब्बा, उघडा ना त्याला! अजून अर्धी मॅच बाकी आहे!"

उबेदमियांनी माझं झाकण उघडलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून चाक पुसलं, फितीचा चुरगळलेला तुकडा कापला, चिकटपट्टीने टोकं जोडली. "यल्ला, चला," म्हणत त्यांनी बटण दाबलं. मी जीव मुठीत धरून फिरू लागलो.

आणि मग चमत्कारच सुरू झाला, मित्रांनो! तोच बदली खेळाडू पेटून उठला. दहा, सतरा, चोवीस, एकतीस! खदिजाबींना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण टाळ्या सगळ्यांत मोठ्या त्यांच्याच. शेवटी अडतीस–अडतीस अशी बरोबरी झाली आणि जादा वेळेत बफेलोने सामना जिंकला. एक्केचाळीस–अडतीस! स्टीव्हने लाईबाला खांद्यावर घेतलं. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. मीही आनंदाने तापलो होतो.

खरं सांगतो, त्या वर्षीही हा संघ अंतिम सामना हरला. त्याच्या पुढच्या वर्षीसुद्धा. लोक हसले. पण सलग चार वर्षं अंतिम फेरी गाठणं म्हणजे काय खायचं काम आहे?

आज मी कपाटावर धूळ खात पडून आहे. माझी एवढीच विनंती आहे, यंत्र अडकलं किंवा माणूस मागे पडला, तर लगेच खलास म्हणू नका. त्या दिवशी माझं झाकण कुणी उघडलंच नसतं, तर स्टीव्ह आपला संघ हरला असं समजूनच बोटीवर चढला असता.