डावा कोपरा

मित्रांनो, कला अमर असते. सौंदर्यापुढे काळही हात जोडून उभा राहतो. हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण मी एक जुना ओलीचा डाग आहे.

माझा जन्म दिवाणखान्यात, सोफ्याच्या बरोबर वर झाला. भिंतीतला गळका पाइप हा माझा पिता. आधी मी बटणाएवढा होतो, दोन वर्षांत ताटाएवढा झालो.

"अगं, प्लंबरला बोलव," सासरे म्हणाले.

"बाबा, तो भिंत फोडून ठेवेल. रविवारी ताई यायच्यात!" सूनबाई म्हणाल्या.

ताई म्हणजे त्यांच्या नणंद. या बाई चपला काढायच्या आधी दोष काढतात. गेल्या खेपेला पडद्यांना नावे ठेवून गेल्या होत्या. म्हणून सूनबाईंनी मला झाकायचे ठरवले.

त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र तयार केले. तीन पाने, एक वर्तुळ आणि खाली 'शांतता'. ज्या घरात मिक्सर आणि नवरा एकाच वेळी चालू असतात, तिथे शांतता! सोफ्यावरची मोरपंखी उशी स्क्रीनला टेकवून त्यांनी रंग जुळवला. छापून आला तो शेवाळी. शहाण्या माणसाने चित्र बदलले असते. यांनी उशा बदलल्या. उशांना पडदे शोभेनात, मग पडदे बदलले. एका कागदापायी अख्खी खोली नाचली. बदलला नाही तो फक्त पाइप.

तो कागद फ्रेममध्ये बसून माझ्या छातीवर मिरवू लागला. मला घडायला दोन वर्षे लागली. हा चाळीस सेकंदांत बाहेर पडला, तोही घरघर करत.

पण फ्रेमला मागे पुठ्ठा नव्हता. शनिवारपर्यंत मी कागदात शिरलो.

रविवारी नणंदबाई थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सूनबाई चहाचे कप घेऊन घाईने मध्ये आल्या.

"अगं, हे तू केलंस?"

"हो... म्हणजे, मीच."

"पानं काय, कुणाच्याही घरात असतात. पण मधे हा तपकिरी रंग काय पसरवलायस! पहिल्यांदा काहीतरी जमलंय बघ तुला. मला अस्सं एक काढून दे."

नवऱ्याला ठसका लागला. "कलाकार भिंतीत आहे," सासरे पुटपुटले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिले नाही.

सोमवारी सासऱ्यांनी परस्पर बोलावलेला प्लंबर आला. सूनबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावले. "आत्ता नको हो, ताईंचं चित्र व्हायचंय!"

तर मित्रांनो, भिंतींची निगा राखा. गळती झाकू नका, बुजवा. नाहीतर एक दिवस पोपडे चहात पडतील आणि त्यांना शोभणारे कप आणावे लागतील.

आत्ता सूनबाई फ्रेम उतरवून, मोबाइल घेऊन माझ्यासमोर उभ्या आहेत. माझा फोटो काढून, उशांना जुळवून छापणार आहेत. छापील चित्रांचा मला किती तिटकारा आहे ते वर सांगितलेच आहे. तरीपण एवढी विनंती करतो. बाई, डावा कोपरा कापू नका. त्या बाजूने मी बरा दिसतो.