वेल्डरचा श्वास

“मास्तर, ती टेप राहिलेली नाही. किती वेळा सांगू?”

टेपांची खोली सांभाळणाऱ्या बाईंनी हात टेकले होते. मास्तर मात्र कपाटाशेजारी तसेच उभे. सकाळपासून त्यांनी एकेक डबी उघडून, लेबल वाचून, परत मिटून ठेवली होती. स्टुडिओ विकला गेला होता आणि संध्याकाळी सगळा माल भंगारात जाणार होता. मास्तरांची एकच मागणी होती. ‘वेल्डर, भाग चार, श्वास’ असं लिहिलेली टेप.

मास्तर सिनेमांसाठी आवाज तयार करत. पावलं, दारं, मोडणारी हाडं. हाडांसाठी गाजर, सुऱ्यासाठी कोबी. ‘वेल्डर’ ही खूनपटांची मालिका त्यांच्याच कोबीवर उभी होती, असं ते स्वतःच म्हणत. वेल्डिंगचा मुखवटा घातलेला एक माणूस येतो आणि तरुण पोरांना कापून काढतो, एवढीच गोष्ट. पहिला भाग बरा चालला, दुसरा-तिसरा निव्वळ पाट्या टाकणं. चौथ्याला नवा दिग्दर्शक आला आणि त्याने सगळं संगीतच काढून टाकलं. “हा दिसायच्या आधी ऐकू आला पाहिजे,” तो म्हणाला. “नुसता श्वास.”

मास्तरांनी बादलीत डोकं घालून श्वास घेतला, पिंपात घेतला, हेल्मेटमध्ये घेतला. दिग्दर्शक म्हणाला, “हा बादलीतला गृहस्थ वाटतो.”

त्याच आठवड्यात बायकोचा दमा उसळला. मास्तर पंप घेऊन धावले आणि खाटेपाशी थबकले. हाच तो आवाज. रेकॉर्डिंगचं मशीन घरीच होतं. “एक मिनिट थांबशील?” त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. एकाची चार मिनिटं झाली. मग पंप घेऊन, श्वास ताळ्यावर आल्यावर ती हसली होती. “इतकी वर्षं धापा टाकतेय, पहिल्यांदाच कोणी दाद दिली.”

चौथा भाग तुफान चालला. त्या श्वासाने थिएटरांत लोकांची पाचावर धारण बसली. नंतर कितीतरी भाग निघाले, पण चौथ्याची सर कशालाच नाही, असं आजही म्हणतात. वर्षभरात बायको गेली. रोगाने गेली, त्या चार मिनिटांनी नाही, असं डॉक्टरांनी त्यांना दोनदा सांगितलं होतं. दोनदा सांगावं लागलं. घरात तिचे फोटो पुष्कळ होते, आवाज कुठेच नव्हता. जगभरचे आवाज गोळा करणाऱ्या माणसाला बायकोचा आवाज भरून ठेवायचं सुचलं नव्हतं. पण टेप स्टुडिओत आहे, या एका भरवशावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली. आता उजवा कान गेला होता आणि डावाही दगा देत होता.

बाईंनी जुनी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. “तुम्हाला सांगायचं नव्हतं. ही ओळ बघा.”

टेप पुसली होती. पाचव्या भागासाठी, लोखंडी दाराच्या आवाजाकरता. खाली सही मास्तरांची, त्यांना आठवतही नसलेली.

त्या वर्षी टेपांची टंचाई होती आणि सगळेच जुन्या टेपा पुसून वापरत. शिवाय बायको तेव्हा जिवंत होती, घरात रोज खोकत होती. तिची धाप कोण जपून ठेवणार? मास्तर मटकन स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. बाईंनी पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

“सिनेमात आहेच की तो श्वास,” बाई हळू म्हणाल्या. “चौकातल्या थिएटरला परत लागलाय. दुपारचा खेळ मिळेल तुम्हाला.”

ती गेल्यापासून मास्तरांनी तो सिनेमा पाहिला नव्हता. आज गेले. डावा कान पडद्याकडे येईल अशी खुर्ची धरली. थिएटरात बहुतेक पोरंपोरीच होती. श्वास येणार हे सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे तो सुरू झाला की आरडाओरडा व्हायचा. पहिल्या वेळी काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. मास्तरांना वाटलं, उठून या सगळ्यांच्या पाया पडावं.

तिसऱ्या वेळी मात्र सगळे गप्प झाले, कारण नायिका कपाटात लपली होती. मास्तर जिवाचा कान करून ऐकू लागले. आत, बाहेर. आत, बाहेर. मग मध्येच एक बारीक, तुटका हुंकार. त्या हुंकारात खुन्याची भूक आहे, असं तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं होतं आणि मास्तरांनी ते कात्रण बायकोला वाचून दाखवलं होतं. ती काही बोलली नव्हती. आज त्यांना कळलं. ती त्यांना हाक मारायला गेली होती आणि टेप बिघडेल म्हणून तिने ती हाक गिळली होती. त्यांचे डोळे त्या वेळी मशीनच्या काट्यावर होते.

शेजारच्या मुलीने कानात बोटं घातली होती. मास्तर तिच्याकडे वाकले.

“घाबरू नकोस, पोरी,” ते म्हणाले. “आजारी आहे ती.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून ती दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली. मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. कपाटाच्या दारापाशी श्वास अजून चालू होता.