सूर्याच्या पेटीवरचे कागद

या, असे पुढे सरका. मागे बसून कीर्तन ऐकू येतं, गोष्ट नाही. चऱ्होलीच्या सरपंचांची, सयाजीरावांची गोष्ट सांगतो. मोठी गोड आहे.

बावन्न साली सयाजीराव आमदारकीला उभे राहिले आणि एकतीस मतांनी पडले. पडले ते लोकांच्या भक्तीपायी! तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्याआड जायचं, पेटीवरचं चिन्ह बघायचं आणि कागद त्या पेटीच्या फटीतून आत टाकायचा. सयाजीरावांचं चिन्ह उगवता सूर्य. बायाबापड्यांनी सूर्यनारायणाला हात जोडले, हळदकुंकू वाहिलं आणि फूल ठेवावं तसा कागद पेटीवर ठेवून आल्या. वरचे सगळे कागद बाद! इंद्रायणीपलीकडच्या मारुतरावांचा घोडा. तो खंडोबाचाच म्हणून त्याच्यावर भंडारा उधळला, कागद त्याच्याही डोक्यावर राहिले. पण मारुतराव निवडून आले होते ना! जिंकलेला माणूस कशाला खोलात शिरतो?

सत्तावन्न साली दोघं पुन्हा समोरासमोर आले. सयाजीराव आता शहाणे झाले होते. आपल्या माणसांना घरोघर जाऊन हळूच सांगत, "वर न्हाई, आत!" एवढ्यावर यंदा बाजी मारायची, असा त्यांचा हिशेब होता.

मतदानाला चार दिवस होते आणि सप्ताहाचं काल्याचं कीर्तन आलं. दोन्ही काठांची माणसं जमली, मारुतरावही आले. सयाजीराव नेहमीसारखे टाळ घेऊन बुवांच्या मागे उभे राहिले. बुवा सांगत होते, "गोपाळांच्या शिदोऱ्या देवानं एकत्र केल्या. कुणाची भाकर कुठली, विचारलं नाही." माणसं डोलत होती. दही-लाह्यांचा काला वाटायची वेळ झाली, तशा पलीकडच्या गोजाबाई उठल्या. वय ऐंशीचं, आवाज तुतारीचा.

"ए सरपंच! मी घोड्याची हाय, आधीच सांगते. मागल्या खेपंला कागद घोड्याच्या डोक्यावर ठिवला. माझी चऱ्होलीची जाऊ म्हनती, ते चुकलं. खरं का?"

टाळ थांबले. शेजारी उभे असलेले, सयाजीरावांचा प्रचार करणारे दत्तोबा कुजबुजले, "राव, खोकला काढा, उत्तर टाळा! ह्या पलीकडच्यांनी कागद आत टाकला, तर आपण गेलो."

सयाजीरावांना खोकला येईना. समोर नारदाची गादी, हातात टाळ. आणि म्हातारी केवढ्या भरवशानं शत्रूलाच विचारत होती!

"आत्याबाई," ते मोठ्यानं म्हणाले, "खरं हाय. सूर्य असो, घोडा असो, हात जोडा. पण कागद पेटीच्या पोटात टाका. वरचा मोजत न्हाईत."

मारुतराव डोक्याला हात लावून हसले. "सयाजीराव, पाच वर्सं गिळून बसला व्हता व्हय हे?"

"गिळलं व्हतं, पन पचलं न्हाई!"

मंडप हसला. बुवांनी हसतहसत दोघांच्या ओंजळीत एकदमच काला घातला.

सयाजीराव नऊ मतांनी पडले. दत्तोबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी गोजाबाई नदी ओलांडून आल्या, पदराखाली पुरणपोळ्या.

"मत घोड्यालाच दिलं हं," त्या म्हणाल्या. "पन आत टाकलं. औंदा मोजलं माझं."

"मोजलं की, आत्याबाई!" सयाजीराव पोटभर हसले आणि पहिली पोळी दत्तोबांच्या ताटात वाढली.

तेव्हा मंडळी, मत द्यायला जाल तेव्हा भर मंडपात उभं राहून विचारणाऱ्या गोजाबाईंची आणि खरं सांगणाऱ्या सयाजीरावांची आठवण ठेवा.