लाल शाईतला नोव्हेंबर

मी एक जुना पांढरा फळा आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्रांनो म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो. एरवी तुमची-माझी मैत्री असण्याचे काही कारण नाही. माझ्या आयुष्यात जेवढी मुले आली, त्यांतल्या निम्म्यांनी माझ्यावर सरांची चित्रे काढली आणि उरलेल्या निम्म्यांनी सर आल्यावर मला बाहीने पुसले. बाहीने पुसलेले मला आवडत नाही. पण मला विचारतो कोण.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्यावर पांढरा लेप, भोवती चौकट, खाली मार्कर ठेवायला पन्हळ; की झाला फळा. माझ्याबरोबरचे काही फळे इस्पितळात गेले, एक तर पोलीस ठाण्यात गेला आणि चोरांचे फोटो मिरवू लागला. मला मात्र एका गणिताच्या शिकवणीत टांगले. तिथल्या सरांनी एकदा चिडून, कधीही न निघणाऱ्या शाईने माझ्या पोटावर लिहिले: ‘झोपू नका’. मुले झोपत राहिली. अक्षरे तेवढी जागी राहिली, ती आजतागायत.

पुढे शिकवणी बंद पडली आणि सोलगोल गावच्या बाजारातल्या व्यापारी संघाने मला फुकटात उचलले. संघाचे अध्यक्ष मेंग. त्यांचे प्लास्टिकच्या टपांचे आणि रबरी हातमोज्यांचे दुकान. मला भिंतीवर चढवताना ते सगळ्यांना म्हणाले, हा नुसता फळा नाही, हा आपल्या बाजाराचा आरसा आहे. फुकट मिळालेल्या वस्तूचे कौतुक आठवडाभर टिकते. मग त्यांनी माझ्या कोपऱ्यांवर हातमोजे वाळत घातले आणि मी काही वर्षे गुलाबी पंजे अंगावर घेऊन काढली.

मग सोयुल आली. बान सोयुल. सरकारी नोकरीची परीक्षा देऊन देऊन थकलेली मुलगी. दर वेळी ती नापास व्हायची आणि दर वेळी तिची आई पुढच्या वर्षीचे जाडजूड पुस्तक विकत आणून तिच्या टेबलावर ठेवायची. अध्यक्षांनी तिला बाजाराचे सोशल मीडियाचे खाते चालवायला ठेवले. कोणत्या दिवशी कोणत्या दुकानाचा फोटो, त्याखाली कोणत्या चार ओळी, याची महिन्याची आखणी ती माझ्यावर करू लागली. एकेका दिवसाला एकेक चौकोन.

कामात ती पक्की होती, हे मान्य करायला हवे. आमचा मोठा बाजार दर पाच दिवसांनी, तीन आणि आठ शेवटी असलेल्या तारखांना भरतो. आदल्या दिवशी डोंगरावरच्या माणसाला घराबाहेर काढील असे काही टाकायचे; बाजार उलगला की दुसऱ्या दिवशी नुसती गंमत; मग एखाद्या दुकानदाराचे हात, त्याची जुनी सुरी, तोंडातल्या तोंडात पुटपुटणे. “महिनाभर ‘या या, स्वस्त स्वस्त’ ओरडलं तर लोक कानात बोळे घालतात,” असे ती अध्यक्षांना सांगायची. अध्यक्षांना ‘या या, स्वस्त स्वस्त’ फार आवडायचे.

त्यांनीच ऑक्टोबर सरताना तिला बजावले. “पोरी, ह्या नोव्हेंबरात एक जरी चौकोन रिकामा गेला, तर खातं बंद. मग तू आणि तुझ्या आईचं ते पुस्तक.”

सोयुलने पट्टी घेतली. त्या दिवशी तिने माझ्यावर नोव्हेंबरच्या रेघा मारल्या, त्या दोनदा मारल्या.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, घालण्याचा महिना. घरोघरी कोबीचे डोंगर. त्याला लागते मिरचीची पूड आणि मिठात मुरवलेला जवळा. म्हणजे बाजारातली दोनच माणसे त्या महिन्यात राजे असतात: मिरचीच्या गिरणीचा यॉम दॉकसू आणि जवळा विकणारी हो मालजा. दोघांची दुकाने समोरासमोर. दोघे सत्तरीचे. गिरणीतली पूड उडून हिच्या बरण्यांत पडते आणि हिच्या बरण्यांचा वास त्याच्या मिरचीला लागतो, या एका मुद्द्यावर दोघांनी तरुणपण खर्ची घातले होते.

सात तारीख म्हणजे थंडीची पहिली तिथी आणि दुसऱ्या दिवशी बाजार. महिन्यातला हाच चौकोन सोन्याचा. सोयुलने तो मालजाला दिला आणि बाराचा दॉकसूला. दॉकसू आला, त्याने बाहीने मालजाचे नाव पुसून स्वतःचे लिहिले. मालजा आली, तिने पदरासारख्या एप्रनने त्याचे नाव पुसून आपले लिहिले. असे तीन दिवस चालले. माझ्या साताच्या चौकोनाची चकाकी गेली. दुखते का, असे कुणी विचारले नाही.

तेव्हा अध्यक्षांना एक युक्ती सुचली. त्यांनी साताचाच नव्हे, सगळेच चौकोन पुसून कोरे केले, काळे-निळे मार्कर टेबलाच्या खणात घालून कुलूप लावले आणि लाल मार्कर तेवढा पन्हळीत ठेवला. आमच्याकडे लाल शाईने मेलेल्याचेच नाव लिहितात. जित्या माणसाचे नाव लाल लिहायचे, म्हणजे त्याला खांदा द्यायला निघाल्यासारखे. “हेच खरं कुलूप,” असे अध्यक्ष सोयुलला म्हणाले. “इथं कुणाची छाती आहे तो हातात घ्यायची?”

छाती मालजाची होती. ती आली, तिने माझ्याकडे पाहिले, पन्हळीकडे पाहिले आणि लाल मार्कर उचलून साताच्या चौकोनात सुरेख अक्षरात लिहिले: यॉम दॉकसू. मग मार्करला झाकण लावून जागेवर ठेवले. माझ्या उभ्या आयुष्यात झाकण लावणारे ते पहिले माणूस. तिच्याबद्दल मला जो काही आदर आहे तो त्या झाकणापुरता.

थोड्या वेळाने दॉकसू आला. त्याने वाचले. एक हात छातीवर ठेवून खात्री करून घेतली. खुर्चीत बसला.

“सकाळी तर मी भात खाल्ला,” तो मला म्हणाला.

 तो उठला आणि बाराच्या चौकोनात त्याच लाल शाईने त्याने मालजाला मारले.

एकदा गाव मरू लागले की थांबत नाही. टोफूवालीने तेलवाल्याला मारले, कारण तो हसला होता. तेलवाल्याने मासेवाल्याला मारले, कारण टोफूवाली हातून निसटली होती. तिला नंतर मासेवाल्याने मारले. रताळी भाजणाऱ्याने आपल्या मेहुण्याला मारले. त्यामागे काही घरगुती कारण असावे. दुपारची जेवणे व्हायच्या आत सोलगोलचा अख्खा बाजार माझ्या अंगावर मरून पडला आणि जेवायला घरी गेला.

जेवून परत आले ते भांडायलाच. सोयुल ओले फडके घेऊन पुढे झाली, तर सगळ्यांनी तिला अडवले. टोफूवाली म्हणाली, “लाल लिहिलं म्हणजे मेलो, ते एक वेळ चालेल. पण पुसलं, म्हणजे आम्ही कधी नव्हतोच.” हे सगळ्यांना एकदम पटले. त्या बाजारात काही एकमताने मंजूर झाल्याचे मी पहिल्यांदाच पाहिले.

अध्यक्षांचा चेहरा पडला होता. युक्ती त्यांची होती, हे सोयुलखेरीज अजून कुणाला ठाऊक नव्हते. आणि ते कळायच्या आत प्रकरण मिटवावे, असे त्यांना वाटत असावे. ते म्हणाले, मग सगळे चौकोन रिकामेच धरायला हवेत, खाते बंद करू, पोरीला घरी जाऊ दे.

सोयुल माझ्याकडे बघत होती. पंधराच्या चौकोनाखालून ते जुने ‘झोपू नका’ दिसत होते. न पुसता जागी राहिलेली ती अक्षरे तिने बोटाने गिरवली.

“रिकामे कुठेत, अध्यक्षसाहेब?” ती म्हणाली. “आजवर एवढे भरलेच नव्हते. मेलातच, तर आता रीतीनं करू.”

तिची रीत साधी होती. मयताला गेलो की आपण तिखटजाळ रस्सा पितो आणि मेलेल्याबद्दल एक तरी बरे वाक्य बोलून येतो, मग तो कसाही असो. तर ज्याने ज्याला मारले, त्याने त्याच्याबद्दल त्या तारखेला फोनसमोर बोलायचे. खरे बोलायचे आणि पोटातले बोलायचे. जो बोलणार नाही, त्याच्या लाल नावाचा फोटो तसाच्या तसा खात्यावर जाईल. यावर मात्र सगळ्यांनी आपापली तारीख बघून घेतली.

सात तारखेला मालजा फोनसमोर उभी राहिली. हाताची घडी. 

“दॉकसू मेला,” मालजा म्हणाली. “माणूस म्हणून सांगण्यासारखं काही नाही. पण मिरची देठ काढून दळायचा. एवढी वर्षं त्याची पूड माझ्या जवळ्यात उडत आली. त्यात विटेची भुकटी असती तर मला पहिल्यांदा कळलं असतं. कधी नव्हती. दुसऱ्या कुणाची पूड असती ना, तर मी बरणीला केव्हाच झाकण घेतलं असतं.” मग हाताची घडी सोडत म्हणाली, “गेला ते बरं झालं.”

सोयुलने यातले एक अक्षर कापले नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीपुढे जी रांग लागली, ती पार बसथांब्यापर्यंत. डोंगरावरच्या एका आजीने व्हिडिओचा आरंभ तेवढाच ऐकला होता. ती दुखवट्याच्या पैशांचे पांढरे पाकीट घेऊन रडत आली आणि तिने ते खुद्द दॉकसूच्याच हातात दिले. असले पाकीट परत करणे वाईट, म्हणून त्याने तेवढ्याची मिरची दिली. हे सगळे मालजा समोरून बघत होती आणि आपण बरे बोललो याचा तिला मनस्वी पश्चात्ताप होत होता.

बाराला दॉकसूची पाळी आली.

“हिच्या तोंडाबद्दल बोलत नाही,” तो म्हणाला. “मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. माझ्या आईला शेवटी काही जात नव्हतं. पेज, आणि त्यावर हिच्या जवळ्याच्या पाण्याचा एक थेंब, एवढंच जायचं. ही रोज वाटी भरून पाठवायची. वर निरोप, की वाटी परत कर, चोरा.” तो खाली बघू लागला. “आई गेली. शेवटची वाटी अजून माझ्याकडंच आहे.”

त्याच संध्याकाळी मालजा गिरणीत गेली आणि वाटी घेऊन आली. सोयुलने विचारले तेव्हा म्हणाली, चोर स्वतः कबूल झाल्यावर सोडायचे कशाला. वाटी मात्र तिने विकायच्या बरण्यांत ठेवली नाही, वरच्या फळीवर ठेवली.

असा महिना सरकला. कुणी गोड बोलले नाही, कुणी गळ्यात पडले नाही. रताळीवाल्याने मेहुण्याबद्दल एकच वाक्य काढले: “माझ्या बहिणीला त्यानं कधी रडवलं नाही, आमच्या घरात मीच रडतो.” पण एकही चौकोन रिकामा गेला नाही. उरला तीस तारखेचा. तिथे कुणाचेच नाव नव्हते, आणि नावाशिवाय राहिलेला माणूस एकच होता.

“मला कुणी मारलंच नाही?” अध्यक्ष मेंग यांनी भर बैठकीत विचारले.

“साहेब,” टोफूवाली म्हणाली, “तेवढा जीव कुठं लागलाय तुमच्यावर.”

अध्यक्षांनी टेबलावरची टाचणी सरळ केली. मग उठले आणि लाल मार्करने आपले नाव आपणच लिहिले. नियमाप्रमाणे मारणाऱ्याने बोलायचे, म्हणून स्वतःबद्दल ते स्वतःच बोलले, आणि पुष्कळ बोलले. सोयुलने त्यातले एवढेच ठेवले: “मार्कर मी लपवले होते.” त्या दिवशी हातमोजे सर्वांत जास्त खपले. लोक त्यांना बघायला येत, आणि नुसते बघून जाणे बरे दिसत नसे.

खाते चालू राहिले. सोयुलही राहिली. तिच्या आईने ते जाड पुस्तक आता गरम पातेल्याखाली ठेवायला घेतले आहे. त्याचा एवढा उपयोग यापूर्वी कधी झाला नव्हता.

माझे काय झाले, हे तुम्ही विचारले नाहीतच, तरी सांगतो. महिनाभर राहिलेली लाल शाई निघत नाही. संघाने नवा टचस्क्रीन पडदा घेतला, त्यावर बोटाने लिहितात आणि बोटाने पुसतात. मला बाहेर काढून, गिरणी आणि जवळ्याचे दुकान यांच्यामध्ये आडोसा म्हणून उभे केले. पाठीवर मिठाचे पाणी, पोटावर तिखट. बाजाराचा आरसा म्हणतात तो हा.

जानेवारीत मालजा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेली. तिच्या दुकानाचे शटर खाली आले आणि बरेच दिवस वर गेले नाही. रोज सकाळी गिरणी सुरू करण्याआधी दॉकसू ओले फडके घेऊन यायचा आणि माझ्यावरची पूड पुसायचा. बाराच्या चौकोनापाशी आला की फडक्याचे टोक बोटाला गुंडाळून मालजाच्या नावाच्या कडेकडेने जायचा. सोयुल एकदा म्हणाली, “काका, घासलंत तर निघेलही आता.”

“पुसायचं नसतं,” तो तिच्यावर खेकसला. “ऐकलं नव्हतंस तेव्हा?”

वसंतात मालजा काठी टेकत परत आली. शटर वर करण्याआधी माझ्यासमोर उभी राहिली. सगळा महिना लाल तिखटाने माखलेला. आज त्याचे फडके बाकीच्या चौकोनांवर अजून फिरले नव्हते. बाराचा चौकोन तेवढा लख्ख.

“ए गिरणीवाल्या,” तिने हाक मारली, “इथंच बरी पूड बसली नाही?”

“वारा होता,” दॉकसू आतून म्हणाला आणि त्याने गिरणी सुरू केली, म्हणजे पुढचे ऐकू येऊ नये.

तर मित्रांनो, फळा ओल्या फडक्याने पुसावा, बाहीने नाही. मार्करला झाकण लावावे. आणि ज्याचे तोंड बघवत नाही, त्याच्याबद्दल एक खरे बरे वाक्य तयार ठेवावे. त्याचा चौकोन कोणता, ते आधी कळत नाही. आता जा. उभे राहून माझ्यावरचा उजेड अडवू नका.